त्र्यंबकराव इनामदारांचा नाताळ

सखाहरी महाराज फिरत फिरत साकूरदऱ्याला आले आणि नदीकाठच्या जुन्या दगडी कुटीत राहिले, त्याला तेव्हा बरीच वर्षे लोटली होती. कुटीला दार एकच, खिडकी नाही. महाराजांनी कधी कुणापुढे हात पसरला नाही. कुणी भाकरी आणून दिली तर आनंदाने खात, नाही तर नदीचे पाणी पिऊन स्वस्थ बसत. अशा या भाग्यवान गावात टेकडीवर मिशनचा बंगला उठला. हार्लो नावाचे पाद्री साहेब, त्यांच्या मडम आणि त्यांची चिमुरडी मुलगी रूथ तिथे राहायला आली, आणि गावाची झोप उडाली.

सगळ्यात जास्त उडाली ती त्र्यंबकराव इनामदारांची. माणूस नेमाधर्माचा, पण संशय त्यांच्या पाचवीलाच पुजलेला. साहेबाने कुणाला तापावर औषध दिले, की त्यात काय कालवले असेल? वाटेत पोरांकडे पाहून हसला, तर का हसला? पावाचा तुकडा विहिरीत टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या गोष्टी त्यांनी आजोबांच्या तोंडून ऐकल्या होत्या. म्हणून साहेबाचा घोडा पाणवठ्याजवळून गेला, तरी त्र्यंबकराव वाकून पाण्यात डोकावून येत.

बंगल्यात रूथला सांभाळायला सोनाबाई नावाची एक कोळ्याची विधवा जाई. तिची महाराजांवर फार श्रद्धा. रोज बंगल्याची वाट धरण्याआधी ती महाराजांना भाकरी आणून देई. त्र्यंबकराव तेव्हा नेमके दर्शनाला आलेले असत.

"काय सोनाबाई," ते चारचौघांत विचारीत, "आजची भाकरी कुणाच्या पाण्यात मळलीस? नदीच्या, की पाद्र्याच्या?"

लोक हसत. सोनाबाई खाली मान घालून भाकरी ठेवी आणि निघून जाई. महाराज मात्र ती भाकरी इनामदारांच्या देखत चवीने खात!

पुढे मार्गशीर्षात साहेबांचा नाताळ जवळ आला. साहेबांनी साऱ्या गावाला बोलावणे धाडले. त्याच सकाळी सोनाबाई महाराजांना म्हणाली, "म्हाराज, बंगल्यातल्या धाकल्या ताईनं तुमास्नी बलावलंय. म्या त्येंच्या देवाचं मातीचं बाळ करून दिलंय तिला, गव्हाणीत निजवायला. बाळ बघाया या म्हणती."

महाराज म्हणाले, "सांग तिला, येईन."

शेजारीच बसलेल्या त्र्यंबकरावांनी कान टवकारले. महाराजच तिथे गेले, तर उद्या अख्खा गाव त्यांच्यामागून टेकडी चढेल! ही बाई रोज भाकरी घेऊन येते ती उगाच नव्हे. आणि, देवा रे, महाराज तरी आतून कुणाचे आहेत? हा विचार मनात आला तसे ते स्वतःच दचकले, पण तो काही केल्या जाईना.

नाताळच्या दिवशी उजाडताच ते घोंगडी घेऊन आले आणि कुटीच्या उंबऱ्यावर आडवे बसले.

"महाराज, आज आपल्याला बाहेर पडू देणार नाही. जायचंच असेल तर माझ्या अंगावरून जा."

महाराज हसले. "बस बाबा. पण राखायचं तर नीट राख. डोळा लावू नकोस."

असे का म्हणाले असतील? त्र्यंबकराव ताडकन उठले. कुटीला वळसा घालून त्यांनी काठीने मागची भिंत ठोकून पाहिली, छपराची लाकडे हलवून पाहिली. एक दगड हलेल तर शपथ! परत येऊन ते दारात बसले आणि महाराजांवर जी नजर लावली, ती काढली नाही. महाराज मांडी घालून स्वस्थ होते.

उन्हे वर आली. टेकडीवरून टाळ आणि गाणे ऐकू येऊ लागले. शब्द मराठी, चाल भजनाची.

"पाहिलंत?" त्र्यंबकराव म्हणाले. "चालसुद्धा आमचीच चोरली!"

"गोड म्हणतायत रे," महाराज म्हणाले.

तेवढ्यात गाणे मध्येच तुटले. टेकडीवर आरडाओरडा झाला. थोड्या वेळाने सोनाबाई धावत खाली आली. पदर सुटलेला, पायात काटे रुतलेले. दारात इनामदार आडवे बसलेले पाहून ती बाहेरूनच ओरडली, "म्हाराज, ताई घावंना! समदे गाण्यात हुते, पोर कुटं गेली कुणी बघितलं न्हाई. मडम म्हणती, सोना, तूच तिला गावाच्या हवाली केलीस. सायेब म्हणतो, इनामदारानं पळवली. म्या काय करू, म्हाराज?"

"मी?" त्र्यंबकराव गरजले. "मी सकाळपासून इथून हललो नाही! हा त्यांचाच डाव असणार. पोर लपवायची आणि गावावर आळ घ्यायचा. बाई, तू तरी खरं बोलतेस कशावरून?"

ज्या गावाने सोनाबाईला बाटगी म्हटले, तो गाव तिच्यावर विश्वास ठेवीना, आणि ज्या बंगल्यापायी हे बोल सोसले, तो बंगला तिला चोर म्हणत होता. ती मातीतच बसली आणि तिने कुटीकडे हात जोडले.

महाराज म्हणाले, "सोनाबाई, ऊठ. बंगल्यामागच्या बारवेकडे पळ. मी आहे तिथं."

सोनाबाईने कसे, कुठे, काही विचारले नाही. ती आल्या पावली टेकडीकडे धावली.

"आपण तिथं कसे?" त्र्यंबकराव म्हणाले. "आपण तर इथं आहात!"

"तू दार सोडू नकोस, त्र्यंबका," महाराज म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

मग त्र्यंबकरावांनी जे पाहिले, ते त्यांनी पुढे जन्मभर सांगितले. महाराजांचे दोन्ही हात हळूहळू पुढे झाले, जणू ते काही जड वस्तू सांभाळून वर उचलत होते. श्वास जोराने चालू लागला. आणि पाहता पाहता त्यांच्या दाढीतून पाणी निथळू लागले! धोतर छातीपर्यंत चिंब झाले. गुडघ्यांना हिरवे शेवाळ चिकटले. त्र्यंबकरावांनी आधी छपराकडे पाहिले, मग कोपऱ्यातला माठ पाहिला. माठावरचे झाकण जागच्या जागी होते. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. त्यांनी भीत भीत हात पुढे करून जमिनीवरचे पाणी बोटाने चाचपले. पाणी बर्फासारखे गार होते.

ते मागे सरकून पुन्हा उंबऱ्यावर बसले.

काही वेळाने हार्लो साहेब आले. अंगात कोट नव्हता, तो ओल्या रूथभोवती गुंडाळून त्यांनी तिला कडेवर घेतले होते. मागून मडम आणि सोनाबाई एकमेकींचा हात धरून येत होत्या. दारात इनामदारांना पाहून साहेब थबकले, पण लगेच त्यांची नजर आत गेली.

"महाराज आमच्या आधी इथे कसे पोहोचले?" ते म्हणाले. "आम्ही सोनाबाईंच्या मागोमाग बारवेवर गेलो तेव्हा हे पाण्यात उभे होते. मुलीला यांनी हातांवर वर धरले होते. माझ्या पत्नीच्या हातात मुलगी दिली, आणि मी आभार मानायला वळलो तर कोणी नाही. यांना कोणत्या वाटेने येताना पाहिलेत तुम्ही?"

साहेबांच्या डोळ्यांत अजून संशय होता. कुटीसमोरच्या लिंबाखाली गाव जमला होता. सारे त्र्यंबकरावांच्या तोंडाकडे पाहू लागले. ते काय म्हणणार? मला झोप लागली होती म्हणावे, तर गोष्ट तिथेच मिटत होती. पण तोंडून खोटे निघेना. संशयाने का होईना, त्यांनी डोळ्यात तेल घालून पहारा केला होता, आणि आता या गोष्टीला त्यांच्यावाचून दुसरा साक्षी नव्हता.

"साहेब," ते म्हणाले, "मी सकाळपासून या उंबऱ्यावर आहे. महाराज इथून उठलेच नाहीत."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिले, मग महाराजांच्या ओल्या धोतराकडे, शेवाळाकडे. ते गुडघ्यांवर बसले आणि आपल्या भाषेत आपल्या देवाची प्रार्थना करू लागले. महाराजांनी ती पुरी होऊ दिली.

एवढ्यात रूथ रडू लागली. बाळाला न्हाऊ घालायला म्हणून ती मातीचे बाळ घेऊन बारवेत उतरली होती आणि पाय घसरला होता. "सोना, बाळ विरघळलं गं!" ती हुंदके देत म्हणाली.

महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "विरघळलं नाही, बाळे. न्हाऊन निजलंय."

साहेब म्हणाले, "महाराज, आम्ही सोनाबाईंना चोर म्हटले. क्षमा मागितली आहे, पण मनातून ते जात नाही."

त्र्यंबकराव पुढे सरकले आणि महाराजांच्या पायांवर कोसळले. "महाराज, मी आपल्यावरही संशय घेतला हो! मला पदरात घ्या."

"माझं काय बिघडलं त्यात?" महाराज म्हणाले. "मी हाक आली म्हणून गेलो. हाक कुणी मारली ते बघ. तिची भाकरी तू रोज नासवलीस."

त्र्यंबकराव उठले. साऱ्या गावादेखत ते सोनाबाईसमोर गेले आणि वाकू लागले. ती घाबरून मागे सरली. "अवो इनामदार, ह्ये काय करता! तुमी थोरले."

"पाय मागे घेऊ नकोस, बाई," त्र्यंबकराव म्हणाले.

तिच्या पायांत काटे तसेच होते. त्र्यंबकरावांनी तिला दगडावर बसवले, स्वतः जमिनीवर बसले आणि एकेक काटा काढून झाल्यावर त्या पायांवर डोके ठेवले.