ओसाड वस्तीतले दिवे

एकदा एका आश्रमात धान्याचा एक व्यापारी आला. वृद्ध आचार्यांपुढे पैशांची थैली ठेवून तो म्हणाला, "एखाद्या गरीब घराला हिवाळाभर आधार होईल, एवढे यात आहे. घर तुम्हीच निवडा."

आचार्यांनी डोंगरावरच्या एका लहान वस्तीतले सोजर नावाच्या मजूर स्त्रीचे घर निवडले. ती सारी वस्ती दिवाळी झाली की ऊसतोडीला जाई आणि चैत्रात परते. लेकरे सांभाळायला म्हातारी माणसेही सोबत जात. मागच्या हिवाळ्यात सोजरचे पहिले मूल उसाच्या फडातच जन्मले आणि तिथेच गेले. आता तिला पुन्हा दिवस गेले होते.

त्यांच्या शिष्याला ते पटले नाही. "आचार्य, रोख पैसे कशाला? धान्य देऊ, घोंगडी देऊ."

"तिच्या घरात काय कमी आहे, ते तिला ठाऊक. मला नाही," आचार्य म्हणाले. "दर महिन्याला पैसे तिच्या हातात दे आणि हिशेब विचारू नकोस."

त्या वर्षी सोजरचा नवरा आश्रुबा टोळी नेणाऱ्या मुकादमाला नाही म्हणाला. वस्तीतली माणसे ट्रॅक्टरांत बसून गेली, ही दोघे राहिली. घरात डाळ शिजू लागली. आश्रुबा खालच्या गावात गवंड्याच्या हाताखाली जाऊ लागला आणि सोजर बाजारच्या गावी डॉक्टरला दाखवून आली. शिष्याने हे पाहिले आणि त्याची शंका थोडी निवळली.

पौषात तो पुन्हा निघाला, तेव्हा वाटेत एका गुराख्याने त्याला थांबवले. "तिन्हीसांजंला वर जाऊ नका, म्हाराज. वस्ती रिकामी हाय, पन दिवे समद्या घरी लागत्यात."

शिष्य वर पोहोचला तेव्हा उजेड मावळत होता. दारांना कुलुपे होती, पुढे काटेरी फांद्या ओढलेल्या होत्या. तरी प्रत्येक दाराशेजारच्या कोनाड्यात पणती जळत होती. मालक गेलेली कुत्री वाटेच्या दोन्ही बाजूंना बसली होती. त्यांतले एकही भुंकले नाही. एका बंद दारापाशी कोणीतरी बसून हलक्या आवाजात बोलत होते.

ती सोजर होती.

"इठाबाईसंगं बोलते," ती म्हणाली. इठाबाई म्हणजे तिची शेजारीण, तीही फडावर गेली होती. "समद्यांच्या दारी मीच दिवा लावते. अंधार बघवत न्हाई. आन् काल आतनं हुंकार आला, म्हाराज."

आश्रुबा मागे येऊन उभा राहिला. "तुमचा पैसा नगं आता. मुकादम अजून घ्यायला तयार हाय. हितं ऱ्हायलो तर हिला येड लागंल. परवा निगतो आमी."

शिष्य आश्रमात परतला आणि म्हणाला, "आचार्य, मी म्हणालो होतो. फुकटच्या पैशाने त्या घरावर काहीतरी ओढवले आहे."

दुसऱ्या दिवशी आचार्य शिष्याला सोबत घेऊन, काठी टेकत स्वतः डोंगर चढले. दिवेलागण झाली होती. त्यांनी एकेका दारापुढे जाऊन पणत्या विझवल्या. सोजर पदर तोंडाला लावून पाहत राहिली. "माणूस आहे तिथेच दिवा लाव," ते म्हणाले. तिच्या घरातला दिवा तेवढा उरला. मग आचार्य इठाबाईच्या दारापाशी बसले आणि दाराला कान लावून बराच वेळ स्तब्ध राहिले. वारा पडला होता.

"मलाही ऐकू आला," ते म्हणाले.

शिष्य दोन पावले मागे सरला. आश्रुबा सोजरजवळ सरकला.

"लेकी, हा हुंकार आजचा नाही," आचार्य सोजरला म्हणाले. "ज्या घरातून माणसे दरवर्षी पोटासाठी ओढून नेली जातात, ते घर त्यांच्या मागे असेच कण्हत असते. दर हिवाळ्यात तू फडात कोयता चालवत होतीस, म्हणून ऐकले नाहीस. भीती वाटायलाही सवड लागते. ती तुला आयुष्यात पहिल्यांदा मिळाली आहे."

मग ते शिष्याकडे वळले. "पैशाने काही ओढवले नाही. त्याने या दोघांचे पाय थांबवले, तेवढेच त्याचे काम. थांबलेल्या माणसाला शेजार लागतो आणि तो थैलीत घालून देता येत नाही. चैत्रापर्यंत तू इथे राहा."

"म्हाराज हितं ऱ्हानार असतील, तर आमी न्हाई जात," आश्रुबा म्हणाला.

शिष्य इठाबाईच्या ओसरीवर राहिला. हुंकार त्यालाही ऐकू येई. पहिल्या दिवसांत तो घोंगडी डोक्यावरून ओढून घेई, पुढे हुंकार आला, की भिंतीपलीकडून सोजर विचारी, "जागे हाव का, म्हाराज?" आणि तो ओ देई. माघात बाजारच्या गावच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली.

आचार्यांनी व्यापाऱ्याला निरोप धाडला, की पुढच्या वेळी एका घरापुरते नको, साऱ्या वस्तीपुरते आणा.

चैत्रात ट्रॅक्टर परतले. काळवंडलेल्या, थकलेल्या बाया सोजरच्या ओसरीवर जमल्या. बाळ या हातातून त्या हातात गेले. मग इठाबाईने विचारले, "थंडीत आपली वस्ती कशी दिसती गं?"

त्यांच्यापैकी कोणीच ती कधी पाहिली नव्हती.

सोजरने बाळ परत मांडीवर घेतले. "लई मोठी दिसती, आन् रिकामी घरं कण्हत्यात," ती म्हणाली.

इठाबाईने मान वळवून आपल्या बंद दाराकडे पाहिले.