नकार गोळा करणारा विद्यार्थी

एकदा एक तरुण परिचर्येचं शिक्षण घेत होता. परिचर्या म्हणजे आपलं नर्सिंग. हे काम करणाऱ्या पुरुषाला दवाखान्यात 'ब्रदर' म्हणतात. गावाकडचे मित्र काय काय म्हणतात, ते इथे लिहिण्यात अर्थ नाही.

दोन वर्षं त्याची उत्तम गेली. त्याने जखमा बांधल्या, अपघातातली माणसं उचलली, कुठे डगमगला नाही. तिसऱ्या वर्षी मात्र त्याची पाळी बाळंतिणींच्या वॉर्डात लागली आणि गड्याच्या तोंडचं पाणी पळालं. वीस स्त्रियांना तपासून वहीत नोंद करायची आणि खाली वॉर्डाच्या मुख्य सिस्टरांची सही घ्यायची, असा नियम होता. सही नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर वर्ष पाण्यात.

पहिल्याच सकाळी एका सासूबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि मोठ्याने विचारलं, "हा बाप्या कशाला आलाय इथं?" सगळा वॉर्ड हसला. उरलेला दिवस त्याने औषधांच्या कपाटाचा एकच कप्पा चारदा लावण्यात काढला.

दुसऱ्या दिवशी त्याने मुख्य सिस्टरांपुढे अर्ज ठेवला. सिस्टर निवृत्तीला टेकलेल्या होत्या. त्यांच्या हातांवर जन्मलेल्या मुली आता त्यांच्याकडेच बाळंतपणाला येत, इतकी त्यांची हयात त्या वॉर्डात गेली होती. 'मला इथून मोकळं करावं, वर्ष गेलं तरी चालेल,' असं अर्जात लिहिलं होतं.

"कशाची भीती वाटते रे?" सिस्टरांनी विचारलं.

"त्या नको म्हणतील, सिस्टर. चारचौघांत. मग मी तोंड कुठे लपवू?"

"असं होय. मग एक काम कर. मला दहा 'नको' आणून दे. 'मी तपासू का' एवढंच विचारायचं. जी नको म्हणेल तिचं नाव लिहायचं. तपासायचं कुणालाच नाही. दहा झाले की तुझा अर्ज मी पुढे पाठवते."

विद्यार्थी बुचकळ्यात पडला. ज्याची धास्ती घेऊन आपण पळतोय, तेच या बाई गोळा करायला सांगतायत. पण त्याने मनाशी हिशोब मांडला, की या वॉर्डात नकारांना काय तोटा? दुपारपर्यंत दहा होतील आणि संध्याकाळी आपण मोकळे.

तो खाटेखाटेपाशी गेला. जमिनीकडे बघत विचारू लागला, "तपासू का?"

"तपासा की, डॉक्टर," पहिली म्हणाली. दुसरीने नुसती मान हलवली. तिसरीने तर डोळे मिटून पदर बाजूला केला. आपल्याला काही विचारलंय, हे तिच्या गावीही नव्हतं. तो दचकून मागे सरला. दुपारपर्यंत त्याच्याकडे नऊ होकार जमले होते आणि नकार एकच, तोही कालच्या सासूबाईंचा.

"हा सासूचा झाला," सिस्टर कागद बघून म्हणाल्या. "सुनेचा कुठाय?"

"पण सिस्टर, बाकी सगळ्या हो म्हणतायत."

"तू डॉक्टर नाहीस, हे त्यांना सांगितलंस? नको म्हटलं तर चालतं, हे सांगितलंस? जा, पुन्हा विचार."

आता मात्र त्याचं डोकं चालेना. होकार मिळाले तर त्याचं कौतुक नाही, नकार आणला तर तो खोटा ठरतो. बाईंना आपल्याला ठेवायचंय की घालवायचंय? रागच आला त्याला. पण सही त्यांच्या हातात होती, म्हणून मुकाट्याने परत गेला.

या वेळी पहिल्याच खाटेवर दैवशाला नावाची एक पोर होती. पहिलटकरीण, दिवस भरलेले. तो म्हणाला, "ताई, मी डॉक्टर नाही. शिकणारा आहे. तुम्ही नको म्हणालात तर सिस्टर येऊन तपासतील. तुमच्या औषधपाण्यात काडीचा फरक पडणार नाही."

तिने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. "खरंच नको म्हणलं तर चालतंय?"

"चालतं."

"मग नको, दादा."

"बरं," असं म्हणून त्याने नाव लिहिलं आणि एका सिस्टरला तिच्याकडे पाठवलं. विशेष म्हणजे धरणी दुभंगली नाही. कुणी हसलंही नाही. दैवशालाचा चेहरा मात्र हलका झाला होता, आणि तो का, ते काही त्याला उमगेना.

तीन दिवसांत आणखी सात नकार जमले. पण पूर्वी काही न बोलता पदर सारणाऱ्या बायका आता त्याला थांबवून काहीबाही सांगू लागल्या. कुणाला पाणी हवं असे, कुणाला घरी निरोप द्यायचा असे. नको म्हणायचं आणि हाकही मारायची, हा काय प्रकार, हे त्याला कळत नव्हतं.

चौथ्या दिवशी सकाळी दैवशालाला मुलगी झाली. दुपारी तो तिच्या खाटेजवळून जात असताना तिने हलकेच हाक मारली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"दादा, सासूबाईंनी तिसऱ्यांदा फडकं बदललं. त्या म्हणतायत, हे व्हायचंच. सांगावं का नाही, तेच कळंना."

"ताई, मी बघू का?"

"बघा."

फडकं रक्ताने चिंब झालं होतं. त्याने तिच्या पोटावर हात ठेवला. बाळंतपणानंतर गर्भाशय घट्ट लागायला हवं. ते भिजवलेल्या कणकेसारखं मऊ लागत होतं. त्याने सिस्टरांना हाक दिली आणि पुस्तकात वाचलं होतं तसं पोट चोळू लागला. ते हाताखाली हळूहळू कठीण होईपर्यंत आपण एका परक्या बाईच्या पोटावर हात ठेवलाय, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. सिस्टर आल्या, डॉक्टर आले, इंजेक्शनं झाली, सलाईन लागलं. तासाभराने डॉक्टर म्हणाले, "वाचली. अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं."

विद्यार्थी हात धुऊन सिस्टरांपाशी आला.

"सिस्टर, मला तर तिने नको म्हटलं होतं. मग सांगितलं ते मलाच का?"

"म्हणूनच," सिस्टर म्हणाल्या. "इथे येणारी बाई दारातून आत आल्यापासून सगळ्यांना हो म्हणते. भीड ही भिकेची बहीण, बाबा. जिचं 'नको' कुणी ऐकत नाही, ती 'दुखतंय' हेही सांगत नाही. सांगून काय होणार, असं तिला वाटतं. तू तिचं 'नको' ऐकलंस आणि निमूट गेलास. याला सांगितलेलं याच्यापर्यंत पोचतं, एवढं तिला कळलं."

तो म्हणाला, "माझी भीती अजून गेलेली नाही, सिस्टर. कधी जाईल?"

"सगळी जाऊ देऊ नकोस. माझी केव्हाच गेली." सिस्टरांचा आवाज उतरला. "आज दुपारी बारा वाजता मी तिच्या खाटेजवळून गेले. 'ठीक ना गं?' असं चालता चालता विचारलं. ती 'हो' म्हणाली. आणि मी पुढे गेले."

सिस्टर उठल्या आणि दैवशालाच्या खाटेपाशी गेल्या. तिच्या उशाशी स्टूल ओढून बसल्या.

"दैवशाला, मी तपासू का?"

तिने होकाराची मान हलवली. तरी सिस्टरांनी हात पुढे केला नाही. त्या तिच्या तोंडाकडे बघत बसून राहिल्या.

"थोडं थांबून चालंल का, बाई?" थोड्या वेळाने दैवशाला म्हणाली. "आधी पोरीला एकदा जवळ घेते."

"चालेल की," सिस्टर म्हणाल्या. विद्यार्थ्याने पाळण्यातली मुलगी उचलून आणली आणि तिघंही थांबले.