कुंड थकले त्या वर्षी

दिव्यांच्या त्या राज्यात कोणालाही स्वतःचा चेहरा दिसत नसे. उजेड पडायचा तो दुसऱ्यावर; स्वतःच्या बुडाशी अंधारच. म्हणून वेशीबाहेरच्या कुंडाचे मोल होते. दिवस कलला की पणत्यांची बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे तिथे जात. मोठ्या पणत्या पायरीवर टेकत. लहानग्या पानांच्या द्रोणांत बसून पाण्यावर तरंगत, एकमेकींना धडकत, खिदळत. खाऊची परात मधोमध. आणि जो तो पाण्यात स्वतःला पाहून घेई.

तिथली एक रीत होती. बाळाची पहिली वात पेटली की ती संपायच्या आत त्याला कुंडावर नेऊन तोंड दाखवायचे. स्वतःला पाहून बाळ जो पहिला शब्द बोलेल, तेच त्याचे नाव. एक आजोबा त्यापायी जन्मभर अरेच्चा राहिले. त्यांची सून इवलीशी. तोंड न पाहता पहिली वात संपली, तर ती पणती कायमची बिननावाची. तिला हाक मारायची ती नुसती ‘अगं’ म्हणून.

इवलीशीच्या लेकीची पहिली वात पेटली आणि त्याच सुमारास कुंडाला लोखंडी कठडा बसला.

कठडा समयांनी घातला. समया उंच, पितळी, घासूनपुसून लख्ख, कारभार त्यांच्याकडे. रोज इतक्या ज्योती पाहून पाणी थकले आहे, त्याला विसावा हवा, अशी त्यांनी दवंडी पिटली. विसावा किती दिवसांचा, ते सांगितले नाही. कठड्याच्या आत मात्र त्यांनी स्वतःची आसने मांडून घेतली. विसाव्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी हवे ना!

“पाणी थकलं म्हणे,” अरेच्चा आजोबा म्हणाले. “मग आता त्याचे पाय कोण चेपतंय?”

सगळे हसले, पण त्या हसण्याला धग होती. पणत्या ज्या मातीच्या, ती माती त्याच जागेतून निघालेली. पिढ्यान्‌पिढ्या पणत्या घडत गेल्या, खड्डा खोल होत गेला, त्यात पाणी साचले, त्याचे कुंड झाले. समयांचे त्यात चिमूटभरही काही गेले नव्हते. आणि आता पणतीने स्वतःच्या माहेरच्या अंगणात पाऊल टाकायला परवानगी मागायची!

इवलीशी व्रतांची, नेमांची. कोणाला कधी वेडेवाकडे बोललेली नाही. ती कठड्याशी गेली, नमस्कार केला, लेकीला पुढे धरले आणि एकदाच वाकून बघू द्या म्हणाली. थोरल्या समईने खाली पाहिलेसुद्धा नाही. पुढच्या खेपेला या, म्हणाली. पुढची खेप कधी, असे विचारले तर पाणी सांगेल, म्हणाली. इवलीशी परतली तेव्हा लेकीची वात निम्मी झाली होती.

बाकीच्यांनी हळूहळू जमवून घेतले. कोणी मुलांना गोठ्यामागच्या डबक्यावर नेऊ लागले. त्या गढूळ पाण्यात काही दिसत नसे, पण संध्याकाळ निघून जाई. कोणी म्हणाले, नाव काय, घरी बसूनही ठेवता येते. इवलीशीला ते पटेना. तिने लेकीला आपल्याच तेलात वाकून बघायला लावले. पण एका पणतीचे तेल ते केवढे! आईचीच ज्योत आड येई.

तेव्हा जे तिच्या मनात आले, त्याने ती स्वतःच दचकली. एका घरचे तेल दुसऱ्या घरच्या तेलात मिसळायचे नाही, हा पणत्यांचा सगळ्यात जुना नेम. आणि तो तिच्याइतका कडक कोणी पाळला नव्हता. पण वात आता जेमतेम उरली होती.

त्या संध्याकाळी तिने खाऊची परात कठड्याला खेटून ठेवली आणि आपले निम्मे तेल तीत ओतले. मग शेजारणींना म्हणाली, तुमचेही द्या.

कोणी हलेना. बघूबघू नावाची शेजारीण पुढे झाली. तिची जीभ आधीपासूनच तिखट. “तुमचं तिळाचं, आमचं करडईचं. सोवळं आम्हाला तूच शिकवायचीस ना गं? देव बघतोय हो.”

“बघतोय ना, वहिनी? मग मी कुठे लपून ओततेय?” इवलीशीचा आवाज चढला नाही, पण ज्योत ताठ झाली. “व्रतं मी देवाची केली, या कठड्याची नाही. लेक बिननावाची ठेवून राखलेलं सोवळं कोणता देव पदरात घेईल, तेवढं सांगा.”

बघूबघूने बाळाकडे पाहिले, मग कठड्यापलीकडे पाहिले आणि परातीवर कलून तेल ओतले. “जरा जास्तच गेलं,” ती पुटपुटली. “जाऊ दे.” मग एकेक पणती पुढे आली. अरेच्चा आजोबांच्या तळाशी थेंब-दोन थेंब होते, त्यांतला एक त्यांनी दिला.

परात भरली, तेल संथ झाले. सगळ्या काठाभोवती दाटीवाटीने बसल्या. इवलीशीने लेकीला वाकवले. तेलात साऱ्या ज्योती होत्या आणि त्यांच्यात एक अगदी लहान, थरथरणारी.

“कितीतरी,” बाळ म्हणाले.

सगळ्यांनी आळीपाळीने कितीतरी, कितीतरी अशी हाक मारून पाहिली आणि ती प्रत्येकीला ओ देत राहिली.

आत समया बसल्या होत्या. अंगाला काजळी धरते म्हणून त्या स्वतः कधी पेटत नसत. त्यामुळे कठडा झाल्यापासून अंधार पडला की कुंडात काळोखच असे आणि पाण्यावर नजर लावून बसूनही त्यांना काही दिसत नसे. आज परातीचा उजेड गजांमधून आत शिरला. थोरली समई हौसेने पाण्यावर वाकली. पाण्यात तिचे लख्ख पितळी अंग दिसले आणि त्या अंगावर, गळ्यापासून पायापर्यंत, गजांच्या काळ्या सावल्या.