अस्वलिणीची जांभई

ही फार फार जुनी गोष्ट आहे. लहानांनी पुढे सरकून बसावे, मोठे मागे बसले तरी चालेल. गोष्ट दोघांचीही आहे.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते. सुगी आटोपली की त्या गावात एक चित्रकथी येई. हाताने रंगवलेल्या चित्रांचा गठ्ठा पाठीवर टाकून तो गावोगाव फिरायचा. पारावर बसायचा, एकेक चित्र गुडघ्यावर उभे धरायचा आणि त्याची कथा गाऊन सांगायचा.

त्या वर्षी मात्र त्याच्या डोक्यात काही नवीनच आले होते. 'दर वेळी सगळे मीच का सांगायचे? एक चित्र दाखवावे, गप्प बसावे, मग दुसरे दाखवावे. मधले लोकांनाच जुळवू द्यावे.'

येताना वाटेत त्याने दोन चित्रे काढली होती. पहिले चित्र दूरच्या एका गावच्या शिवारातले. झाडाच्या फांदीला बाळाची झोळी टांगलेली, आणि ती रिकामी. बाळाची आई त्याला पाजायला सावलीत घेऊन बसली होती. झोळी एकटीच वाऱ्यावर हलत होती. दुसरे चित्र या गावच्याच डोंगरावरचे. एक अस्वलीण कातळावर बसून जांभई देत होती. जबडा हा एवढा उघडलेला, आतले सगळे दात दिसत होते.

उन्हे कलल्यावर सारा गाव पारापाशी जमला. चित्रकथीने रिकामी झोळी दाखवली. तो काही बोलला नाही, लोकही काही बोलले नाहीत. मग त्याने झोळी खाली ठेवली आणि अस्वलीण वर उचलली.

"अगं आई गं!" एक बाई किंचाळली. "लेकरू नेलं हिनं!"

पारावरून एकच हलकल्लोळ उठला. कुणी डोळे झाकले, कुणी आपली पोरे पोटाशी धरली. चित्रकथीच्या अंगावर काटा आला. घसा सुकेपर्यंत गाऊनही जे कधी जमले नव्हते, ते एक शब्द न बोलता जमले होते. लोकांनी त्याच्या उपरण्यात इतके तांदूळ घातले की गाठ बसेना. लोक काय समजले ते त्याला कळत होते, पण तो हसला आणि गप्प राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओढ्यावर कुंचले धूत होता. मागून आवाज आला.

"रामराम, बुवा."

त्याने वळून पाहिले आणि हातातला कुंचला पाण्याबरोबर वाहून गेला. समोर अस्वलीण उभी होती.

"भिऊ नका. खायचंच असतं तर रामराम कशाला घातला असता?" ती ऐसपैस खाली बसली. "काल झाडीतून तुमचा खेळ पाहिला. चित्र झकास काढलंय. पण बुवा, मला बसवलंत कुणाच्या शेजारी?"

"झोळीच्या," तो चाचरत म्हणाला.

"मी तेव्हा काय करत होते?"

"जांभई देत होतात."

"आणि बाळ कुठं होतं?"

"आईच्या मांडीवर."

"हे सांगितलंत लोकांना?"

चित्रकथी जरा चिडलाच. "मी खोटं काय दाखवलं? झोळी खरी, जांभईही खरी. बाकीचं लोकांनी ठरवलं."

"दोन्ही खरी, म्हणून तर मधलं खोटं इतकं घट्ट बसलं," अस्वलीण म्हणाली. "ऐका जरा."

गावातून ढोलांचा आवाज येत होता. रान झोडपून अस्वलिणीला बाहेर काढायचे आणि ठार मारायचे, असे गावाने ठरवले होते.

"माझ्या पिल्लांनी अजून डोळे उघडले नाहीत," ती म्हणाली. "त्यांना घेऊन पळू कुठं? आणि मी सांगायला गेले तर माझ्या पहिल्या शब्दाआधी दगड येतील. तुम्हीच जा."

चित्रकथी धावत चावडीपाशी गेला. पाटील काठी घेऊन निघायच्या बेतातच होते.

"पाटील, थांबा! बाळ सुखरूप आहे. अस्वलिणीनं कुणाला नेलेलं नाही."

"बुवा, आता उगाच दया दाखवू नका. आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिलंय."

"काय पाहिलंत?"

"तिनं बाळ तोंडात धरलेलं!"

"अहो, असं चित्रच नाही माझ्याकडे!"

"नाही कसं?" एक म्हातारी पुढे झाली. "बाळाच्या पायात वाळेसुद्धा होते. मी पाहिले ना!"

"आणि डोक्याला लाल कुंची," दुसरीने भर घातली.

चित्रकथीने गठ्ठा सोडला. लोकांनी एकेक चित्र उलटेपालटे करून पाहिले. बाळ तोंडात धरलेली अस्वलीण कुठेच सापडेना.

"लपवलंय यानं," पाटील म्हणाले. "अस्वलानं दम दिलेला दिसतोय बुवाला." आणि ढोल पुन्हा घुमू लागले.

साऱ्या गावाला दिसलेले ते चित्र त्याने कधी काढलेच नव्हते. ते दोन चित्रांच्या मधल्या मोकळ्या जागेत उमटले होते. जे शब्दांनी काढले नाही ते शब्दांनी पुसणार कसे? शेजाराने जे बिघडवले, ते शेजारानेच सुधारायला हवे होते.

चित्रांचा गठ्ठा काखेत मारून चित्रकथी आडवाटेने पुढे पळाला, रानाच्या तोंडाशी बसला आणि कोळशाने भराभर एक नवे चित्र काढू लागला.

गाव येऊन थडकला तेव्हा त्याने आधी अस्वलिणीचे चित्र उचलून धरले.

"हीच ती!" काठ्या वर झाल्या.

चित्रकथीने ते चित्र खाली ठेवले आणि नवे वर केले. त्यात खुद्द पाटील होते. दुपारच्या झोपेतून उठून बाजेवर बसलेले, पागोटे एका कानावर आलेले, डोळे मिटलेले, आणि जबडा हा एवढा उघडलेला.

मागे कुणीतरी खुदकन हसले. चित्रकथीने पुन्हा अस्वलीण दाखवली. मग पाटील. मग अस्वलीण.

"अगंबाई," म्हातारी म्हणाली, "ही तर जांभई देतेय!"

असे म्हणता म्हणता तिलाच जांभई आली. तिचे पाहून ढोलवाल्याला आली आणि त्याची टिपरी हवेतच राहिली. मग जांभई रांगेतून पुढे पुढे सरकत गेली. "काय चाललंय हे?" म्हणून पाटील ओरडायला गेले आणि मधेच त्यांचाही जबडा उघडला. सारा गाव पोट धरून हसला.

"माझी जांभई एवढी मोठी नाही हं, बुवा," पाटील कुरकुरले.

"तुम्हाला काय ठाऊक? तुमचे डोळे तेव्हा मिटलेले असतात," पाटलीणबाई म्हणाल्या. "बुवांनी लहानच काढलीय."

मग चित्रकथीने झोळी दाखवली, आणि तिच्या शेजारी चार रेघांत बाळाला पाजणारी आई काढली.

"पण मी वाळे पाहिले होते हो," म्हातारी पुटपुटली.

"पाहिले नव्हते, आजी. तुम्ही मनानं घातलेत," चित्रकथी म्हणाला. "आणि घालायला मी लावलं. चूक माझी."

ढोल गळ्यात अडकवून लोक घरी परतले. अस्वलीण आपल्याच गुहेत राहिली आणि तिची पिल्ले त्याच डोंगरावर मोठी झाली.

चित्रकथीने आपली नवी रीत सोडली नाही. का सोडावी? ती चांगलीच होती. पण आता दोन चित्रे दाखवून झाली की तो त्यातल्या एकाचा शेजार बदलायचा आणि विचारायचा, "आता काय दिसतं?" आधी पोरे ओरडायची, मग मोठी माणसे. पुढे पुढे गावाला त्याची सवयच लागली. कुणी चावडीवर येऊन म्हणाले, "काल तो विहिरीवर होता, आणि आज पाणी गढूळ आहे," की कुणीतरी शांतपणे विचारी, "बरं, मधलं चित्र दाखव." तेव्हापासून त्या गावात निरपराधावर काठी उगारली गेली नाही.

म्हणून ध्यानात ठेवावे: दोन खऱ्या गोष्टी शेजारी ठेवूनही खोटे उभे करता येते, तेव्हा मांडणाऱ्याने शेजार विचाराने निवडावा आणि पाहणाऱ्याने मधली मोकळी जागा आधी तपासावी.