गोडांबे बाईंचा दगड

"पण सर, पालथ्या घड्यावर आणखी किती पाणी ओतायचं?"

तांबोळी सर चष्मा पुसत राहिले.

निम्मा धडा मुलांनी घरी व्हिडिओवर पाहायचा आणि निम्मा वर्गात करायचा, ही नवी पद्धत विद्यापीठात आली आणि भल्याभल्या प्राध्यापकांच्या नाकी नऊ आले. त्यांना हात द्यायला एक केंद्र निघालं. तांबोळी सर त्याचे प्रमुख, आणि हा तणतणत आलेला प्रणित ढोबळे तिथला प्रशिक्षक. पोरगा हुशार. फक्त ही गोष्ट त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होती.

"घडा कोण?" सरांनी विचारलं.

"गोडांबे बाई! सहा वेळा शिकवलं. आज म्हणतात, 'मला नाही रे जमत. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाकते.' एकतीस वर्षं भूगर्भशास्त्र शिकवलं, आणि एक व्हिडिओ चढवता येईना!"

प्रणित हसला. सर हसले नाहीत.

"उद्यापासून मुलांना दगड कोण शिकवणार? तू?"

प्रणितचं हसू विरलं.

"सहा वेळा शिकवलंस म्हणजे नेमकं काय केलंस?"

"त्या चुकल्या की माऊस घ्यायचा, चटकन करून द्यायचं. पाच मिनिटांत काम फत्ते! धडासुद्धा मीच लिहून दिला. बाईंनी नुसता वाचायचा."

"हं... बोलाव त्यांना."

बाई आल्या. एका हातात अर्ज, दुसऱ्या हातात वर्गातून तसाच आणलेला राखाडी दगड. चेहरा उतरलेला. संगणकापुढे बसल्या, माऊस धरला, बाण भलतीकडेच पळाला. प्रणितचा हात सवयीने पुढे आला.

"हात," सर म्हणाले.

"अं?"

"दोन्ही खुर्चीवर ठेव. आता त्या हातांवर बस."

"सर, मी काय बालवाडीत आहे?"

"बस."

बसला बिचारा.

बाईंनी एक बटण दाबलं. चुकलं. दुसरं दाबलं. तेही चुकलं. प्रणितने कपाळाला हात लावला असता, पण हात अडकलेले.

"बाई, ते वरचं..."

"तोंडावर पण बसायला लावू का?" सर म्हणाले.

बाईंना खुदकन हसू आलं. हसता हसता त्यांनी कोपऱ्यातला लाल ठिपका दाबला, आणि कॅमेरा सुरू झाला.

"अगंबाई, मीच दिसतेय की!"

प्रणितने लिहिलेला धडा समोर होता. बाईंनी त्याकडे पाहिलं... आणि सरळ दगड उचलून चाटला.

प्रणितचे डोळे पांढरे व्हायचे बाकी होते. धड्यात असलं काही तो कधीच ठेवू देत नसे.

"बघा मुलांनो," बाई कॅमेऱ्याला म्हणाल्या, "हा जिभेला चिकटतो. वर्गातला काळा दगड चिकटत नाही. असं का? घरी विचार करा. उद्या दोन्ही दगड टेबलावर असतील. आपापली जीभ घेऊन या!"

पुढे व्हिडिओ चढवायला अर्धा तास लागला. दोनदा पुसला गेला, एकदा तर चुकून कुलगुरूंच्या कार्यालयाला जाता जाता राहिला. तिसऱ्यांदा चढला.

दहा मिनिटांत खाली एका मुलीचा प्रश्न आला : "बाई, आमच्या विहिरीतला दगड आणला तर चालेल का?"

बाईंनी एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं : "आण. धुऊन आण." डोळे भरून आले होते, पण स्वारी खूश.

"आणि अर्ज?" सरांनी विचारलं.

"पाठकोरा कागद आहे. पुढच्या धड्याची टिपणं काढते त्याच्यावर," असं म्हणून बाई दगड घेऊन गेल्यासुद्धा.

प्रणितला आनंद झाला होता, आणि लाजही वाटत होती. दर बैठकीनंतर अहवाल भरायचा हा केंद्राचा नियम, म्हणून त्याने कागद ओढला. 'प्रशिक्षकाने काय केले?' या रकान्यापाशी पेन थांबलं.

"सर... इथं काय लिहू? मी तर काहीच केलं नाही."

"तसंच लिही," तांबोळी सर म्हणाले. "आणि अक्षर जरा नीट काढ... एवढं काम आजवर तुझ्याकडून झालं नव्हतं."