घाटात अडलेलं वाक्य

फार पूर्वी एका घाटाच्या वर मेंढपाळ राहत आणि घाटाखाली, खाडीकाठी, मीठ पिकवणारे. दोघांच्या भाषा निराळ्या. तरी मीठ वर जाई, घोंगड्या खाली येत.

एकदा घाटातल्या पाण्यावरून बाचाबाची झाली. मीठवाल्यांची काठी वर्मी बसून एक तरुण मेंढपाळ गेला. वाट बंद झाली. मग दोन्हीकडच्या जाणत्यांनी ठरवलं, बसून बोलू.

दोन्ही भाषा येत होत्या त्या फक्त हौसाला. ती मेंढपाळांची लेक आणि मीठवाल्यांची सून. मेलेला तरुण तिचा पाठचा भाऊ होता.

बैठकीत मीठवाल्यांचा म्हातारा हात जोडून म्हणाला, "तुमचा माणूस आमच्या हातून गेला. चूक आमची आहे. त्याच्या बायकामुलाला आम्ही सांभाळू."

हौसाला भावाचा चेहरा आठवला. इतक्या सहज यांना माफी मिळावी, हे तिला सोसलं नाही. ती आपल्या माहेरच्यांना म्हणाली, "ते म्हणतात, झालं ते झालं."

मेंढपाळांचा नाईक उठून गेला. जोडलेले हात तसेच ठेवून म्हातारा त्याच्या पाठीकडे बघत राहिला.

त्यानंतर नऊ वर्षं लढाई चालली. मेंढ्यांचे वाडे जाळले गेले, मिठागरं फोडली गेली. दोन्हीकडची कितीतरी घरं उजाड झाली. नवव्या वर्षी हौसाच्या भाच्याला मिसरूड फुटलं आणि तोही बापाच्या सूडासाठी घाटात उतरला. त्याला उचलूनच परत नेलं.

ते कळलं तशी हौसा दोन्हीकडे हिंडली, हातापाया पडली, आणि पुन्हा एकदा सगळ्यांना घाटात बसवलं. तिथे उभी राहून तिने आपण काय लपवलं होतं ते आधी एका भाषेत सांगितलं, मग दुसरीत.

मग नाईकाने विचारलं, "तो म्हातारा कुठे आहे?"

म्हाताऱ्याचा मुलगा पुढे आला. "बाबा गेले. शेवटपर्यंत विचारत होते, मी माफी मागितली, तरी तो उठून का गेला?"

हौसाने हे शब्द जसेच्या तसे सांगितले. नाईक खाली बसला आणि त्याने तोंडावर पागोटं ओढून घेतलं. थोड्या वेळाने तोच उठला आणि त्याने म्हाताऱ्याच्या मुलाला जवळ घेतलं. आपल्या माणसांनी जे फोडलं, ज्यांना मारलं, त्याची त्याने माफी मागितली.

वाट उघडली. हौसाला कोणी शिक्षा केली नाही. तिची भावजय मात्र, नवरा आणि मुलगा दोन्ही गमावलेली, तिच्याशी पुन्हा कधी एक शब्दही बोलली नाही. हौसा दर वर्षी तिच्या दारात जाऊन बसे आणि दिवस कलला की घाट उतरू लागे.

तात्पर्य: भांडणारे बोलायला बसले की एकाचा शब्द दुसऱ्यापर्यंत खरा पोचू द्यावा. उशिरा सांगितलेल्या खऱ्याने भांडण मिटतं, गेलेली माणसं परत येत नाहीत.