टिटवीबद्दल कुणाला विचारायचं

पाखरं आणि गुरं एकमेकांची विचारपूस करायची, त्या काळची ही गोष्ट. माळावरच्या एका टिटवीच्या लेकीनं ओरडणंच सोडलं. 'टिटवी ओरडली की अशुभ,' असं तिनं वाटसरूंच्या तोंडून ऐकलं होतं. पण न ओरडणारी टिटवी, मुंगूस आलं तर पिल्लांना सावध कशी करणार? आईच्या जिवाला घोर लागला.

माणसं आपल्याबद्दल खरंच काय म्हणतात ते शोधायला दोघी निघाल्या. आधी गेल्या ग्रंथालयातल्या कसरीकडे. पुस्तकं खाऊन खाऊन या किड्याच्या पोटात सगळी विद्या.

"अशुभच लिहिलंय बाई," कसर म्हणाली. "पण एकानं दुसऱ्याचं उतरवून घेतलेलं. सगळ्यांची चव सारखीच. तुम्ही आपलं बांधावरच्या बैलाला विचारा, तो माणसांबरोबर राबतो."

म्हातारा बैल रवंथ करत होता. म्हणाला, "नांगरताना धनी तुमच्या अंड्यांपाशी थांबला. मला वळवून तेवढी जागा सोडली. म्हणाला, टिटवीनं उंचावर अंडी घातलीत, यंदा पाऊस चांगला."

"त्यातल्या एका अंड्यात मी होते?" लेकीनं विचारलं.

"तूच की. तुझ्यापायी माझं नांगराचं तास वाकडं गेलं, लोक हसले मला."

लेक बांधावरून उंच उडाली. मग तिनं माळभर ऐकू जाईल अशी हाक दिली.

वाटेवरच्या एकानं कानांवर हात ठेवले. शेतातला धनी मात्र काम थांबवून उभा राहिला आणि म्हणाला, "आलो गं बाई. कोण त्रास देतंय तुला?"